कण्या, आंबील आणि ओट्स



ब्रिटनमधील डिसेंबर-जानेवारीत सकाळचे आठ वाजू आले तरी नीट उजाडत नाही. अशा अंधाऱ्या, गारठलेल्या सकाळी मुलांना शाळेत आणि स्वतःला कामावर पोहोचवताना आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी न्याहारीला एकच पदार्थ असतो, तो म्हणजे ओट्सचे पॉरिज. या वेळच्या सदरात त्याच वाटीविषयी आणि तिच्या आपल्याकडील सख्ख्या भावंडांविषयी लिहावे, असे आम्ही योजिले आहे.

पॉरिज हा शब्द परका असला तरी वस्तू परकी नाही. धान्य भरडावे किंवा दळावे, पाण्यात, ताकात वा दुधात शिजवावे आणि वाटीने प्यावे किंवा चमच्याने खावे, इतकीच त्याची व्याख्या. या व्याख्येत कोकणातील उकड्या तांदळाची पेज बसते, देशावरील ज्वारीच्या कण्या आणि आंबील बसते, हुलग्याचे माडगे बसते, नाचणीचे सत्त्व बसते आणि सणावाराची गव्हाची लापशीही बसते. आमची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे आली, तेव्हा दुकानातील ओट्सच्या पुड्यांची रांग पाहून ती एवढेच म्हणाली, "ह्या तर कण्याच की रे! ह्याला एवढं पैसं मोजत्यात व्हय?" तिने दोन शब्दांत केलेले हे वर्गीकरण शास्त्रशुद्ध आहे, असे आमचे मत आहे.

परंतु त्याच आईला आम्ही ज्वारीच्या कण्या शिजवू म्हटले, तेव्हा तिने ते उडवून लावले. "आता कशाला ते गरिबाचं खाणं?" हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही. आमच्या पिढीतील कितीतरी घरांत ओट्स चालतात, कण्या चालत नाहीत. या नकाराला इतिहास आहे. बलुत्यात मिळणारे धान्य, कामाच्या बदल्यात पदरात पडणारे उष्टे-शिळे, १९७२च्या दुष्काळातील सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, हे सारे आपल्या ज्येष्ठांच्या जिभेवर अजून आहे. भात आणि गव्हाची पोळी रोज ताटात येणे ही त्यांच्या दृष्टीने मुक्तीची एक खूण होती. ती खूण क्षुल्लक समजण्याचा अधिकार आम्हाला नाही.

तरीही येथे एक भेद केला पाहिजे. महाडच्या १९२७च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. त्यांनी सोडायला सांगितली ती लाचारी. स्वतःच्या कष्टाने पिकवलेली वा कमावलेली ज्वारी, आपल्या आज्यांनी पहाटे जात्यावर भरडून शिजवलेली कणी, हे अन्न लाचारीचे नव्हते, श्रमाचे होते. धान्याचा दोष नव्हता, दोष ते धान्य वाटून देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

ज्या देशात आपण राहतो, त्या देशातही धान्याची अशीच प्रतवारी होती. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात ओटचा अर्थ देताना टोमणा मारला की, इंग्लंडमध्ये हे धान्य घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये माणसे त्यावर जगतात. आपल्याकडील हुलग्याचीही हीच कथा. तोही घोड्याचा दाणा आणि तोही कोरडवाहू माणसाचा आधार. इंग्लंडच्या १८३४च्या गरीब कायद्यानंतर वर्कहाउसमधल्या अनाथ-अपंगांच्या नशिबी पातळ लापशी आली. चार्ल्स डिकन्स यांच्या ऑलिव्हर ट्विस्टने आणखी थोडी मागितली, ती हीच. मात्र स्कॉटलंडच्या लोकांनी त्या टोमण्याला भिऊन ओट सोडला नाही. तेथील कॅरब्रिज या लहानशा गावात १९९४पासून पॉरिज करण्याची जागतिक स्पर्धा भरते. पारंपरिक प्रकारात फक्त ओट, पाणी आणि मीठ एवढेच वापरता येते, आणि विजेत्याला 'गोल्डन स्पर्टल' मिळतो. स्पर्टल म्हणजे पॉरिज ढवळण्याची लाकडी दांडी, आपल्या रवीच्या दांड्याची चुलत बहीण. हिणवले गेलेले अन्न अभिमानाचे कसे होते, याचा हा धडा आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. संगणकाच्या व्यवसायातील सवयीने आम्ही या साऱ्या पदार्थांचा एक तक्ता मांडून पाहिला, तेव्हा लक्षात आले की त्यांत चारच गोष्टी बदलतात : धान्य, त्याचा जाडेपणा, द्रव आणि वेळ. या चार गोष्टी समजल्या की पाककृती पाठ करावी लागत नाही.

प्रथम ओट्स. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. अख्खा दाणा पोलादी पात्याने दोन-तीन तुकड्यांत कापलेला, वाफवून रुळाखाली चपटा केलेला, आणि बारीक करून झटपट शिजणारा. कापलेल्या ओटला चौपट पाणी आणि मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे लागतात. चपट्याला दुप्पट ते अडीचपट द्रव आणि पाच-सात मिनिटे पुरतात. झटपट ओट दोन मिनिटांत होतो. ओट शिजताना जो चिकटपणा येतो, तो बीटा-ग्लुकॅन या विद्राव्य तंतूचा. दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. मात्र दाणा जितका बारीक, तितकी रक्तातील साखर लवकर चढते. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण येथील गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, हे ध्यानात घेऊन झटपट आणि साखर घातलेल्या पुड्यांऐवजी जाड ओट घेणे बरे. सुटीच्या दिवशी भरपूर शिजवून ठेवला, तर थंड कपाटात तीन दिवस टिकतो. सकाळी थोडे पाणी घालून गरम केला की झाले.

ओट गोडच खावा असा नियम नाही. मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि हिरवी मिरची यांच्या फोडणीत चपटे ओट कोरडेच परतावेत, मटार-गाजर घालावे, अडीचपट उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे. वरून लिंबू पिळावे. आमच्या घरी मुलांना दुधातला ओट आवडतो आणि मोठ्यांना हा फोडणीचा. एका डब्यातून दोन पिढ्या जेवतात.

आता कण्या. येथील भारतीय दुकानांत कणीची पुडी क्वचित मिळते, पण अख्खी ज्वारी बहुधा मिळते. ती मिक्सरमध्ये थांबत थांबत, थोडी थोडी फिरवावी आणि चाळावी. चाळणीवर उरते ती कणी, खाली पडते ते आंबिलीचे पीठ. काहीच वाया जात नाही. एक वाटी कणी धुऊन अर्धा तास भिजवावी, पाच वाट्या पाण्यात मीठ घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवावी आणि मधूनमधून ढवळावी, कारण कणी तळाला पटकन लागते. वाटीत घेऊन त्यावर ताक आणि लसणाची चटणी, किंवा गरम दूध आणि चिमूटभर मीठ. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडीच्या भाजीत कण्या घालतात, तीही रीत येथे साधते. अंबाडी न मिळाल्यास पालकात थोडी चिंच घालून तिच्या आंबटपणाची उणीव बरीचशी भरून निघते.

आंबिलीसाठी तीन मोठे चमचे ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ एक वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका रात्रीत ते आंबते, येथील हिवाळ्यात दोन रात्री लागतात. सकाळी तीन वाट्या पाण्याला मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण घालून उकळी आणावी, त्यात आंबवलेले पीठ धार धरून सोडावे आणि कच्चा वास जाईपर्यंत आठ-दहा मिनिटे ढवळावे. गावी ती थंड करून, वर ताक घालून उन्हात पितात. येथे गरम प्यावी. ओट रात्रभर दह्यात भिजवून सकाळी थंडच खाण्याची जी नवी पद्धत आली आहे, तिच्याशी आंबिलीचे नाते दूरचे आहे. थंड कपाटात ओट केवळ भिजतो. आंबिलीचे पीठ ओट्यावर खरोखर आंबते, आणि तिची चव त्या आंबण्यातच आहे.

लहान बाळ असलेल्या घरांसाठी नाचणीचे सत्त्व. नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, पूर्ण वाळवून, हलकी भाजून दळावी आणि वस्त्रगाळ करावी. येथील दमट हवेत ती वाळवताना बुरशी येऊ शकते. म्हणून ताटात पातळ पसरून ओव्हनच्या अगदी मंद उष्णतेवर वाळवणे सुरक्षित. मोड आणण्यामागे शहाणपण आहे. मोड येताना धान्यात स्टार्च फोडणारे विकर तयार होते, त्यामुळे लापशी पातळ राहते आणि बाळाच्या पोटात त्याच चमच्यातून अधिक धान्य जाते. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. सत्त्व आधी थंड पाण्यात कालवावे, मग आचेवर ठेवावे. गुठळ्या होत नाहीत. बाळ वर्षाचे होईपर्यंत त्यात मीठ, साखर, गूळ घालू नये आणि मध तर मुळीच देऊ नये.

बुद्ध पौर्णिमेची खीर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सुजातेने दिलेल्या खिरीचे स्मरण म्हणून आपण ती वाटतो. पण विनयपिटकातील एक प्रसंग तितकासा सांगितला जात नाही. महावग्गाच्या औषधांविषयीच्या खंधकात अंधकविंद येथे एक ब्राह्मण भिक्खुसंघासाठी 'यागु', म्हणजे तांदळाची पेज, आणि मधाचे लाडू घेऊन येतो. त्या निमित्ताने तथागत यागुचे दहा गुण सांगतात. ती आयुष्य, कांती, सुख, बळ आणि प्रतिभा देते. भूक आणि तहान भागवते, वात सरळ करते, मूत्राशय स्वच्छ करते आणि न पचलेले पचवते. साधी पेज तेथे औषधांच्या प्रकरणात बसली आहे, आणि तिच्या गुणांत भूक भागवण्याबरोबर बुद्धीचे तेजही मोजले आहे. खिरीइतकाच पेजेलाही आपल्या परंपरेत मान आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून ज्वारी-नाचणी सुंदर पाकिटांत, चढ्या भावाने, नव्या नावांनी येऊ लागली आहे. त्या पाकिटावर हे धान्य शतकानुशतके कोणी खाल्ले आणि ते खाल्ल्याबद्दल कोणाला हिणवले गेले, हे छापलेले नसते. ते सांगायला आपल्या घरात अजून माणसे आहेत, पण ती फार दिवस असणार नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती. येत्या समाजमेळाव्यात खिरीच्या पातेल्याशेजारी कण्यांचे किंवा आंबिलीचे एक पातेले असावे. त्यापूर्वी गावाकडे फोन लावून आई, आजी, आत्या, मावशी यांच्याकडून त्यांचे प्रमाण विचारून लिहून घ्यावे. किती वाट्या, किती पाणी, कशाबरोबर. आणि जमले तर, ते खाणे कधी सोडले व का सोडले, हेही. ज्यांना ते पुन्हा चाखायचे नसेल, त्यांना आग्रह करू नये. त्यांच्या नकाराचाही आदर व्हावा. पण मुलांच्या वाटीत ओट्स आणि कण्या शेजारी शेजारी असाव्यात, म्हणजे मोठेपणी कोणी कोणत्याही धान्याला हिणवले, तर त्यांना उत्तर ठाऊक असेल.

आपली प्रमाणे आणि आठवणी आमच्याकडे अवश्य पाठवाव्यात. निवडक मजकूर पुढील सदरात देऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!