विश्लेषण : क्लाउड बॅकअपच्या तंत्राला पेटंट मिळते का?

मोबाइल हरवला तरी नव्या मोबाइलवर फोटो आणि संपर्क क्रमांक परत येतात. पतपेढीचा सर्व्हर बंद पडला तरी ठेवीदाराच्या खात्यातील रक्कम दुसऱ्या दिवशी पडद्यावर दिसते, निदान दिसायला हवी. यामागे असते क्लाउड बॅकअपचे आणि आपत्तीनंतर यंत्रणा पूर्ववत करण्याचे तंत्र. पुण्यात हे तंत्र विकसित करणाऱ्या अभियंत्यांची कमतरता नाही. मात्र त्यांनी भारतात पेटंटसाठी अर्ज केला की पहिल्याच परीक्षण अहवालात बहुधा एक कलम आडवे येते : ३(के). हे कलम काय सांगते, परीक्षक काय तपासतात आणि मोठ्या कंपन्यांचा वाटणारा हा विषय कसबा पेठेतील दोन खोल्यांच्या कार्यालयापर्यंत का पोहोचतो, याचा हा वेध.

पुण्याचा या तंत्राशी संबंध काय?

सर्व नोंदी एकाच जागी ठेवल्या तर काय होते, हे पुण्याच्या जुन्या पेठांना वेगळे सांगावे लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटले. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. कसबा पेठेचा नदीकडचा भागही त्यातून सुटला नाही. माणसे, घरे, दुकाने यांच्याबरोबर वह्या, दस्त आणि कागदपत्रेही गेली. त्यांची दुसरी प्रत नदीपासून दूर कुठे असती तर ती वाचली असती. बॅकअपच्या शास्त्राचे पहिले तत्त्व हेच.

पुढे हेच तत्त्व पुण्यात उद्योग बनले. माहिती साठवणुकीच्या क्षेत्रातील ‘व्हेरिटास’ या अमेरिकी कंपनीचे मोठे विकास केंद्र पुण्यात होते. तिथे काम केलेले जसप्रीत सिंग आणि मिलिंद बोराटे यांनी रमणी कोथंडरमण यांच्यासह २००८ मध्ये पुण्यात ‘द्रुवा’ ही कंपनी सुरू केली. ध्रुवताऱ्यावरून नाव घेतलेली ही कंपनी क्लाउडवरील बॅकअपमध्ये जगभर ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे मूल्यांकन १ अब्ज डॉलरच्या पुढे गेले. मुख्यालय मात्र अमेरिकेत गेले. अशा कंपन्यांना पेटंटचा विचार अमेरिकी बाजार समोर ठेवूनच करावा लागतो. भारतीय पेटंट कार्यालयाशी खरा संबंध येतो तो इथेच राहून, इथल्याच बाजारासाठी काम करणाऱ्यांचा.

बॅकअप म्हणजे नुसती नक्कल नव्हे, ते कसे?

माहितीची प्रत दुसरीकडे ठेवणे ही कल्पना संगणकापेक्षाही जुनी आहे. अवघड असतात ते पुढचे प्रश्न. रोज सगळी माहिती पाठवायची की फक्त बदललेली? दहा कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर एकच फाइल असेल तर ती दहादा पाठवायची का? यासाठी फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढला जातो. तो ठसा क्लाउडवर आधीच असेल तर तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. त्यामुळे इंटरनेटचा वापर आणि साठवणुकीचा खर्च दोन्ही कमी होतात.

आपत्तीनंतरचे प्रश्न दोन. शेवटच्या किती मिनिटांची माहिती गेली तर चालेल आणि यंत्रणा किती वेळात पुन्हा सुरू झाली पाहिजे? हे दोन्ही आकडे जितके कमी, तितके काम कठीण आणि खर्चिक.

ही चिंता पुस्तकी नाही. जुलै २०२४ मध्ये ‘सी-एज’ या सेवा पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा सहकारी व ग्रामीण क्षेत्रातील सुमारे ३०० छोट्या बँका राष्ट्रीय देयक यंत्रणेपासून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. त्या साठ्याची बाहेर दुसरी प्रतच नव्हती. संगणक तंत्रज्ञानात पुढारलेल्या देशातही असे घडू शकते.

कलम ३(के) काय सांगते?

पेटंट कायदा १९७० चा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये कशाला ‘शोध’ मानायचे नाही याची यादी आहे. २००२ च्या दुरुस्तीने त्यात ‘के’ हे उपकलम आले आणि ते मे २००३ पासून लागू झाले. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘पर से’ म्हणजे निव्वळ स्वरूपातील संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही, असे ते सांगते. सारा वाद ‘पर से’ या दोन शब्दांभोवती आहे. प्रोग्रामला नाही, मग प्रोग्राममुळे यंत्रणेत झालेल्या तांत्रिक सुधारणेला आहे का?

उत्तर वेळोवेळी बदलत गेले. २००४ च्या अध्यादेशाने दार थोडे उघडले होते, पण २००५ मध्ये कायदा करताना संसदेने ती तरतूद वगळली. ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने परीक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या विरोधानंतर ती डिसेंबरमध्ये स्थगित झाली. फेब्रुवारी २०१६ च्या नव्या तत्त्वांत नवे हार्डवेअर असण्याची अट आली आणि जून २०१७ मध्ये ती निघाली. बॅकअपसारख्या क्षेत्रासाठी ही अट कळीची होती, कारण क्लाउड सेवेत यंत्रे बाजारातलीच असतात. नवे असते ते त्यांच्याकडून काम करून घेण्याचे तंत्र.

न्यायालये काय म्हणाली?

‘फरीद अलानी’ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले की, संगणक प्रोग्रामवर आधारित प्रत्येक शोध अपात्र ठरत नाही. त्यातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल तर पेटंट मिळू शकते. त्या अर्जदाराचा भारतातील अर्ज २००२ चा होता आणि पेटंटला मान्यता मिळाली २०२० मध्ये. पेटंटची एकूण मुदतच २० वर्षे असते, हे लक्षात घेतले तर या विजयाची किंमत कळते.

२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अर्जावरील निकालात त्याच न्यायालयाने पेटंट कार्यालयाचा नकार रद्द करून फेरविचारास सांगितले. त्याच वर्षी ‘रेथिऑन’ प्रकरणात नव्या हार्डवेअरची जुनी अट लावून दिलेला नकारही टिकला नाही. जुलै २०२५ मध्ये पेटंट कार्यालयाने संगणकसंबंधित शोधांसाठी पुन्हा सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिशा आता पुरेशी स्पष्ट आहे. प्रश्न आहे तो रोजच्या परीक्षणाचा.

परीक्षक नेमके काय तपासतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, कसबा पेठेतील एक छोटी कंपनी पतपेढ्यांसाठी बॅकअप सेवा देते. तिने अर्जात दावा केला : ‘पतपेढीची माहिती दूरच्या सर्व्हरवर ठेवून आपत्तीनंतर ती परत आणण्याची पद्धत.’ हा दावा टिकणार नाही आणि टिकूही नये. त्यात नवे काही नाही. ती व्यवहाराची जुनी रीत आहे, फक्त संगणकावर आणलेली.

आता तीच कंपनी म्हणते : जोडणी वारंवार तुटणाऱ्या जागी माहितीचे तुकडे कोणत्या क्रमाने पाठवायचे, हे त्या तुकड्यांवर अवलंबून असलेल्या नोंदींवरून ठरवले जाते. त्यामुळे पाठवणी अर्धवट राहिली तरी खाती आधी सुरू होतात आणि जुनी कागदपत्रे नंतर येतात. यात तांत्रिक अडचण आहे, त्यावर तांत्रिक उपाय आहे आणि मोजता येणारा परिणामही आहे. पेटंट मिळेलच असे नाही, पण चर्चा आता योग्य जागी येते.

परीक्षकापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. हा विषय कलम ३(के) मध्ये अडकतो का? आणि तो नवा व त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज न सुचणारा आहे का? बॅकअपच्या क्षेत्रात अनेक दशकांचे साहित्य उपलब्ध असल्याने दुसरा प्रश्नच अधिक कठीण असतो. पहिल्याचे उत्तर घाईने ‘होय’ दिले की दुसऱ्याची मेहनत टळते. अर्जदाराला मात्र आपला शोध जुना ठरला की केवळ सॉफ्टवेअर म्हणून बाद झाला, हे कळत नाही.

अमेरिकेत सगळ्याला पेटंट मिळते?

हा गैरसमज आहे. २०१४ च्या ‘अ‍ॅलिस’ निकालानंतर तिथेही केवळ संगणकावर आणलेली अमूर्त कल्पना पेटंटपात्र नाही. ‘इंटेलेक्च्युअल व्हेंचर्स’ने ‘सिमँटेक’विरुद्ध लढलेल्या खटल्यात वादाचे पेटंट नेमके याच विषयाचे होते : मुख्य सर्व्हरवरील माहितीची प्रत दूरच्या सर्व्हरवर ठेवणे. न्यायालयाने ते अपात्र ठरवले आणि २०१८ मध्ये अपिलातही तोच निष्कर्ष कायम राहिला. मात्र असा निकाल मिळेपर्यंत वर्षानुवर्षे वकील पोसण्याची ताकद प्रतिवादीकडे असावी लागते. छोट्या कंपनीकडे ती नसते. म्हणून व्यापक, ढोबळ दाव्यांना परीक्षणाच्या टप्प्यावरच अडवणे हे छोट्यांच्या हिताचे आहे.

खर्च आणि वेळ किती?

व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. मोठ्या कंपन्यांसाठी हेच आकडे ८,००० आणि २०,००० आहेत. खरा खर्च मसुदा लिहिणाऱ्या पेटंट एजंटचा असतो. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मार्च २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार परीक्षणाची विनंती ४८ ऐवजी ३१ महिन्यांत करावी लागते. पहिल्या अहवालातील आक्षेप दूर करण्यास सहा महिने मिळतात, तीन महिन्यांची मुदतवाढ मागता येते. स्टार्टअप आणि महिला अर्जदारांना जलद परीक्षणाची सोय आहे. पुण्यातील अर्जदारासाठी मुंबईचे पेटंट कार्यालय हे अधिकृत कार्यालय. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून नकाराविरुद्धचे अपील थेट उच्च न्यायालयात, म्हणजे इथे मुंबईत, करावे लागते.

दोन गोष्टी अनेकदा निसटतात. पद्धत संकेतस्थळावर सविस्तर लिहून किंवा ग्राहकांपुढे उघड करून मग अर्ज केला तर नावीन्याचा दावा स्वतःच्याच हाताने कमकुवत होतो. आणि भारतात राहणाऱ्याने परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर पेटंट कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते, अन्यथा भारतातील अर्जानंतर सहा आठवडे थांबावे लागते. हा नियम मोडल्यास भारतातील हक्क गमावण्याची वेळ येते.

मग काय बदलायला हवे?

पहिली जबाबदारी पेटंट कार्यालयाची. कलम ३(के) खाली नकार देताना दाव्यातील कोणता भाग निव्वळ प्रोग्राम आहे आणि सांगितलेला तांत्रिक परिणाम का मान्य नाही, हे आदेशात लिहिले गेले पाहिजे. कलमाचा उल्लेख म्हणजे कारण नव्हे. नाहीतर प्रत्येक अर्जदाराला उच्च न्यायालयातून ‘पुन्हा विचार करा’ एवढेच पदरात पाडून घ्यावे लागेल. ते परवडणारे अर्जदार मोजकेच असतात.

दुसरी जबाबदारी अर्जदारांची. ‘आमची पद्धत वेगवान आहे’ हे विशेषण आहे, पुरावा नाही. किती माहिती, कोणत्या जोडणीवर, आधी किती वेळ लागत होता आणि आता किती लागतो, हे मूळ अर्जातच हवे. कायद्यानुसार नंतरच्या दुरुस्तीत नवा मजकूर घालता येत नाही. परीक्षकाने विचारल्यावर आकडे शोधायला निघालेल्याला उशीर झालेला असतो.

तिसरी बाब धोरणाची. सॉफ्टवेअरला सरसकट पेटंट द्या ही मागणी जितकी चुकीची, तितकेच ते सरसकट नाकारणेही. पहिल्यामुळे ‘प्रत दूर ठेवा’ एवढ्या सामान्य गोष्टीवर कोणीतरी मालकी सांगेल आणि पतपेढ्यांना स्वस्त सेवा देणाऱ्यांना नोटिसा जातील. दुसऱ्यामुळे कष्टाने घडवलेले तंत्र मोठी कंपनी सहज उचलेल. प्रोग्रामच्या संहितेला कॉपीराइटचे संरक्षण असते, पण त्यामागची पद्धत दुसऱ्या शब्दांत लिहिली तर ते संरक्षण पुरत नाही. या दोन टोकांमधली रेघ प्रत्येक अर्जात नव्याने, कारणांसह आखणे हेच परीक्षकाचे काम आहे. कायदा त्याला आड येत नाही, न्यायालयांनी वाट दाखवली आहे. आता गरज आहे ती त्या क्षेत्राची जाण असलेल्या परीक्षकांची आणि त्यांना पुरेसा वेळ देण्याची.