ज्येष्ठांनी आधी बोलावे

दोन वर्षांपूर्वी वर्षावासात आम्ही भोकरदन तालुक्यातील धावडा येथे गेलो होतो. संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले. मागच्या रांगेत पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा बसला होता. गालात गुटखा, डोळे तांबारलेले. पंक्चरचे सोल्युशनही हुंगतो, असे कुणीतरी आमच्या कानात सांगितले. आम्ही त्याला सर्वांसमोर उभे केले, पाचवे शील म्हणायला लावले आणि वर पाव तास सुनावले. लोकांनी माना डोलावल्या. समाजकार्य झाले असे आम्हालाही वाटले.

तो मुलगा पुन्हा विहाराची पायरी चढला नाही. पुढे त्याची आई भेटली. मिरच्या तोडायला जाणारी बाई. म्हणाली, ‘‘दादा, तुम्ही बोलले ते खरं होतं. पण तवापासून तो माझ्यासंगबी बोलत नाही.’’

हे बोलणे आम्हाला लागले. मग माहिती घेतली. दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्या माणसांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. इतर नशा मोठ्यांत जास्त. ही एकच मुलांत जास्त. स्वस्त आहे, दुकानात उघड मिळते, आणि आईबाप ऊसतोडीला किंवा वाळूजला गेले की विचारणारे घरी कोणी नसते.

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने तरुण मुले पोखरली, तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैसा दिला. तिथे औषधोपचारानंतर मोठा भर असतो तो गटात बसण्यावर. सगळे गोल करून बसतात. ज्याने त्याने स्वतःचे सांगायचे, दुसऱ्याला उपदेश करायचा नाही. व्यसनातून सुटलेलेच पुढे समुपदेशक होतात. आपल्यासारखाच एकजण यातून बाहेर आला, हे समोर दिसते तेव्हा मुलगा तोंड उघडतो.

मात्र नशेबाज पोरे नुसती एकत्र बसवली तर उलटही होते. अमेरिकेत थॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हेच दाखवले. बिघडलेल्या मुलांच्या गटात एकमेकांच्या उचापतींना हशा मिळाला, की ती वाढतात. म्हणून गट लहान हवा, चालवणारा शिकलेला हवा आणि नशेच्या बढाया तिथल्या तिथे थांबवल्या पाहिजेत. रोज दारू पिणाऱ्याला आधी डॉक्टरकडेच न्यावे. एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन फुकट आहे.

आणि टपरीवाला? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे डॉक्टरने सांगितल्याशिवाय मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही मुलाला उभे केले, विकणाऱ्याला विचारले नाही. मुलगा सोपा होता, दुसरे काय!

गोल बसून बोलणे आपल्याला नवीन नाही, बांधवांनो. वर्षावास संपताना आश्विन पौर्णिमेला भिक्खुसंघ पवारणा करतो. माझ्याकडून काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, तशी शंका आली असेल तर सांगा, मी सुधारेन, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. ही विनंती सर्वात ज्येष्ठ भिक्खू आधी करतो, धाकटे नंतर. आम्ही विहारात नेमके याच्या उलट वागलो.

येत्या आश्विन पौर्णिमेला आम्ही धावड्याला जाणार आहोत. विहारात नाही, आधी त्या मुलाच्या घरी. त्याच्या आईसमोर आमची चूक सांगू. आम्हीही वीस वर्षे तंबाखू मळत होतो, हे त्या दिवशी पाव तासात एकदाही बोललो नव्हतो, तेही सांगू. तो घरात थांबेल की मागच्या दाराने निघून जाईल, ते पाहू.