कूलरवरची तारीख वाचलीय कधी?

गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या एकाच मजल्यावरचे पाच जण पोट धरून बसले होते. दोघांचे पेपर बुडाले. तपासणीत अमिबा निघाला आणि खापर फुटलं कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्यावर. त्याचा दोष असेलही. पण ज्या कूलरवर आम्ही रोज बाटल्या भरतो, त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. फिल्टर कधी बदलला, टाकी कधी धुतली, हे रेक्टर सरांनाही सांगता येईना.

पाण्याला क्लोरीनचा वास आला की पाणी सेफ, असं आपण धरून चालतो. बॅक्टेरियाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंय. पण अमिबा, जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे आतड्यातले परजीवी पाण्यातून येतात तेच मुळी कवच घालून. क्रिप्टोचं तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जवळपास काहीच वाकडं करू शकत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हेच घडलं. शुद्धीकरण केंद्र होतं, क्लोरीनही होतं; पण पाणी नीट गाळलं गेलं नाही आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले.

म्हणून इथे गाळणं महत्त्वाचं. क्रिप्टो असतो साधारण ४ ते ६ मायक्रॉनचा. १ मायक्रॉनचा चांगला फिल्टर त्याला अडवतो. यूव्हीही चालतं, पण पाणी गढूळ नको. यातलं काहीच नसेल तर आजीचा उपाय आहेच. पाणी खळखळून उकळू लागल्यावर आणखी एक मिनिट उकळायचं आणि झाकून गार करायचं.

‘अरे, पण कॉलेजात आरओ बसवलाय की!’ बसवलाय, मान्य. मशीनच्या उद्घाटनाचा फोटो असतो, सर्व्हिसिंगचा नसतो. फिल्टर फाटलेला आणि टाकी शेवाळलेली असेल, तर ते मशीन नुसतं शोभेचं.

घरी आजी-आजोबांना नारूबद्दल विचारून बघा. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा. त्यावर ना लस होती, ना नेमकं औषध. लोक पाणी फडक्याने गाळून पिऊ लागले, पायऱ्यांच्या विहिरींची जागा हातपंपांनी घेतली आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या पिढीने जे साध्या फडक्याने जमवलं, ते आपल्याला हजारोंच्या मशीननेही जमू नये?

माझी मागणी छोटीशी आहे. प्रत्येक कूलरवर एक कार्ड लावा. फिल्टर बदलल्याची तारीख, टाकी धुतल्याची तारीख आणि पुढची तारीख. फेस्टच्या स्पॉन्सरसाठी आपण महिनाभर पळतो. यासाठी प्राचार्यांकडे एक अर्ज पुरेसा आहे. उद्या बाटली भरायला गेलात की आधी कार्ड शोधा. नसेल, तर अर्ज तुम्हीच लिहा.