कासरा आणि पराणी



एका हाताने कासरा ओढला आणि दुसऱ्या हाताने पराणी टोचली, तर बैल काय करील? थांबेल, नाही तर उधळेल. पण तो आपल्या गोठ्यात वाढलेला असतो. त्याचा स्वभाव आपल्याला पाठ असतो. आज दारात उभ्या असलेल्या गाडीचा स्वभाव मात्र आपल्याला कोणी सांगितलेला नाही.

गेल्या हंगामात आमचा एक कार्यकर्ता पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरून घाट चढत होता. मध्येच गाडीने दम टाकला. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन जोर धरीना. रात्र घाटात गेली, सकाळचा लिलाव बुडाला, माल मिळेल त्या भावाने गेला. गावच्या मिस्त्रीने डिझेलची लाइन पाहिली, फिल्टर पाहिला; दोष सापडेना. शेवटी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावल्यावर कळले, की ब्रेकच्या पायडलजवळचा एक लहानसा स्विच अडकला होता. पाय ब्रेकवर नसतानाही गाडीतला संगणक समजत होता की ब्रेक दाबलेला आहे. आणि ब्रेक दाबलेला असेल तर ॲक्सिलरेटरचे ऐकायचे नाही, असे त्याला शिकवून ठेवलेले होते. मागचे लाल दिवे सारखे जळत होते, पण दिव्याचा आणि इंजिनाचा संबंध असेल हे कोणाच्या ध्यानात येणार?

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा ट्रॅक्टरचा पंप खोलून दाखवीत. पायाखाली दांडी किंवा तार, तारेच्या टोकाला पंपाचा लिव्हर. पाय दाबला की इंधन वाढले. ब्रेकचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. दोन्ही एकदम दाबले तर इंजिन आणि ब्रेक यांची कुस्ती व्हायची आणि ज्याचा जोर जास्त तो जिंकायचा.

आता तार गेली. पायडलमध्ये दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला हे दोघे वेगवेगळे सांगतात आणि संगणक त्यांचा मेळ घालतो. मेळ बसला नाही तर तो गाडीला जेमतेम सरकण्याइतकीच ताकद देतो. ब्रेकवरही असाच पहारा असतो. धावत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबलेला असताना ब्रेक दाबला, तर संगणक ब्रेकचे ऐकतो आणि इंजिन खाली आणतो. आधी ब्रेक आणि मग ॲक्सिलरेटर दाबला, तर पुष्कळ गाड्यांत तो चालू देतो, कारण चढावर गाडी उचलताना ते लागते. पण किती वेगाला, किती वेळाने आणि कोणत्या क्रमाने, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते.

हा नियम वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याच्यामागे माणसांचे जीव आहेत. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोजवळ टोयोटाच्या लेक्सस गाडीत पायाखालची चटई ॲक्सिलरेटरवर अडकली. गाडी सुसाट सुटली आणि आतली चारही माणसे मेली. त्या गाडीत हा नियम नव्हता. पुढे टोयोटाने लाखो गाड्या माघारी बोलावल्या आणि ब्रेकला वरचढ ठरवणारी व्यवस्था बसवायला घेतली. दोष नुसत्या चटईचा की संगणकाचाही, यावर वाद पेटला. नासाच्या तज्ज्ञांना २०११ साली संगणकात तसा दोष सापडला नाही. २०१३ साली ओक्लाहोमातल्या एका अपघाताच्या खटल्यात मात्र ज्युरीने कंपनीविरुद्ध निकाल दिला. २०१४ साली ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरले. वादाचा निकाल काहीही असो, बाहेरच्या माणसाला पेटीतला नियम वाचायला मिळाला तो सरकारी चौकशी आणि कोर्ट मध्ये पडल्यावरच.

आता ट्रॅक्टरकडे या. ५० हॉर्सपॉवरवरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनावर संगणक आला. ट्रॅक्टरला डावा आणि उजवा ब्रेक वेगळा असतो. बांधाशी वळताना हातातला थ्रॉटल तसाच ठेवून आपण एका बाजूचा ब्रेक दाबतो. कारला जो नियम जीव वाचवतो, तोच नियम जसाच्या तसा इथे आणला तर प्रत्येक तासाच्या टोकाला इंजिन मान टाकील. म्हणजे नियम यंत्राप्रमाणे आणि कामाप्रमाणे वेगळा हवा. मग तो काय आहे, हे यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक नको काय?

म्हणून आमच्या मागण्या तीन. पहिली, दोन्ही पायडल एकदम दाबली तर यंत्र काय करील, हे विकतानाच मराठीत लेखी द्या. दुसरी, दोष दाखवणारा स्कॅनर आणि त्याची माहिती गावच्या मिस्त्रीलाही योग्य दरात मिळू द्या. तिसरी, याला कायद्याचा आधार द्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांसाठी असा कायदा २०२३ साली केला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारे होती, पोर्टलही उघडले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

तोवर घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरला एवढे सांगून ठेवा. ॲक्सिलरेटर अडकला तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा. पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका. पेट्रोल गाडीत त्याने ब्रेकची मदत संपते आणि पायडल दगडासारखे होते. क्लच दाबा, गाडी न्यूट्रल करा. किल्ली गाडी थांबल्यावरच काढा, नाही तर स्टिअरिंग अडकेल. पायाखाली सुटी चटई ठेवू नका. आणि मागचे लाल दिवे विझत नसतील तर भरलेली गाडी घाटात घालू नका.

यंत्राला आमचा विरोध नाही. ते आम्ही पैसे मोजून, बँकेचे हप्ते भरून घेतो. पण हप्ते आमचे आणि कासरा दुसऱ्याच्या हाती, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या ट्रॅक्टरचे आणि पिकअपचे माहितीपुस्तक बरोबर आणा. त्यात हा नियम लिहिला आहे की नाही, ते सगळे मिळून वाचू. लिहिला नसेल, तर कंपनीला द्यायच्या पत्रावर तिथेच सह्या करू.