चकतीवरचा आकडा आणि काढून ठेवलेले गार्ड

खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्या बहुतेक दुकानांत एक दृश्य सारखेच दिसते. हातात चार इंची ग्राइंडर, रस्त्यापर्यंत उडणाऱ्या ठिणग्या, आणि चकतीभोवती असायला हवे ते लोखंडी गार्ड मशीनवरून काढून कोपऱ्यात टाकलेले. चकती फुटून कोणाच्या डोळ्याला किंवा मानेला लागली, की ‘त्याने काळजी घेतली नाही’ असे म्हणून विषय संपतो. फिरती चकती केव्हा फुटेल हे हाताच्या सफाईवर फारसे अवलंबून नसते. त्यामागे एक साधा हिशेब आहे, आणि तो चुकवण्याची जबाबदारी एकट्या कामगाराची नाही.

गोफण आठवा. दगड गरगर फिरतो तोवर दोरी त्याला आत ओढून धरते. दोरी सुटली की दगड ज्या दिशेने चालला होता, त्याच दिशेने सरळ निघून जातो. फिरत्या चकतीचा प्रत्येक कण असाच दगड असतो आणि शेजारचे कण त्याची दोरी असतात. म्हणून चकती नुसती हवेत फिरत असली, कशालाही टेकलेली नसली, तरी तिच्या अंगात ताण असतो.

हा ताण किती? पातळ कड्यासाठी उत्तर सोपे आहे: पदार्थाची घनता गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग. पोलादाच्या कड्याची कड सेकंदाला १०० मीटर वेगाने फिरत असेल, तर ताण सुमारे ७.८५ कोटी पास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८०० किलो वजन टांगल्याइतका. साधे पोलाद २५ कोटी पास्कलच्या आसपास कायमचे ताणले जाऊ लागते. म्हणजे सेकंदाला १७८ मीटरच्या जवळ कडे हार मानणार. कारखान्यातले जड फ्लायव्हील असो की विमानाच्या इंजिनातली चकती, आकडेमोड अधिक गुंतागुंतीची होते, पण मूळ सूत्र हेच.

या सूत्रातल्या दोन गोष्टी कामाच्या जागी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला की ताण चौपट होतो. दुसरी गोष्ट भोकाची. सलग चकतीच्या मध्यभागी लहानसे भोक पाडले, तर तिथला ताण जवळपास दुप्पट होतो. ग्राइंडरच्या प्रत्येक चकतीला असे भोक असतेच. आतली काचतंतूंची जाळी आणि दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे फ्लँज यांच्या भरवशावर ती फिरते.

आता चकतीवर छापलेला आकडा पाहू. हाताच्या ग्राइंडरच्या कटिंग चकतीवर बहुधा ‘८० मीटर प्रतिसेकंद’ अशी मर्यादा असते आणि शेजारी फेऱ्यांचा आकडा: चार इंचीसाठी सुमारे १५,३०० आरपीएम, सात इंचीसाठी ८,५००. कडेचा वेग दोन्हींत तेवढाच. चकती मोठी, म्हणून फेऱ्या कमी. चार इंची ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमने फिरतो. त्यावर चार इंची चकतीची कड ताशी सुमारे २०७ किलोमीटर वेगाने धावते. मर्यादेच्या बरीच आत, म्हणजे ठीक.

पण गार्ड काढले की त्याच मशीनवर सात इंची चकती बसवता येते. ती खोलवर कापते, जास्त दिवस पुरते. भोक मोठे असेल तर मध्ये वॉशर घालून वेळ मारून नेतात. तिच्या कडेचा वेग मग सेकंदाला जवळजवळ १०४ मीटर, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे जातो. मर्यादा ८०ची. वेग ३० टक्क्यांनी वाढला, पण वर्गाच्या नियमाने ताण ६८ टक्क्यांनी वाढला.

‘वीस वर्षे असेच करतोय, काही झाले नाही’ हे उत्तर यावर हमखास मिळते. ते खोटे नसते. मर्यादेचा आकडा ठरवताना उत्पादक राखीव ताकद ठेवतो. नवी, कोरडी, न आपटलेली चकती जास्तीचा ताण सोसूही शकते. पण ही राखीव ताकद ठेवलेली असते ती खाली पडलेल्या, पावसाळ्यात ओल धरलेल्या किंवा कापताना तिरकी दाबली गेलेल्या चकतीसाठी. ती आधीच खर्च केली, तर बारीक तडा गेलेल्या चकतीच्या वाट्याला काहीच उरत नाही. आणि तो तडा डोळ्यांना दिसेलच असे नाही.

तडा दिसत नाही, ही अडचण केवळ गल्लीतल्या दुकानाची नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेडच्या एका विमानाला अपघात होऊन ११२ जणांचा मृत्यू झाला. मागच्या इंजिनातली टायटॅनियमची पंख्याची चकती हवेत फुटली होती. धातू बनवताना राहिलेल्या दोषातून तिच्यात तडा वाढत गेला होता आणि तपासणीत तो नजरेतून सुटला होता. प्रशिक्षित तपासनीसांची यंत्रणा जिथे चुकू शकते, तिथे दिवसभर उन्हात ग्रिल कापणाऱ्या पोराकडून आपण केवळ ‘नीट बघून काम कर’ एवढीच अपेक्षा ठेवणार का?

म्हणूनच गार्ड लागते. चकती फुटणार नाही याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. फुटली तर तुकडा माणसाकडे येणार नाही, एवढी व्यवस्था मात्र करता येते. गोफणीच्या दगडासारखे तुकडे चकतीच्याच पातळीत सुटतात. गार्ड योग्य बाजूला फिरवलेले असेल तर ते तिथेच अडतात. चेहरा आणि शरीर त्या पातळीच्या बाजूला ठेवणे, गॉगलवर फेसशील्ड लावणे, नवी चकती बसवल्यावर अंतर राखून मिनिटभर मोकळी फिरवणे, ही त्याच हिशेबाची पुढची पाने आहेत. अडचणीच्या कोपऱ्यात गार्ड आड येते हे खरे. पण त्यावर उपाय गार्ड फिरवून घेणे किंवा दुसरे हत्यार वापरणे हा आहे.

कायद्याला हे कधीच कळले होते. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ३०व्या कलमाने घासकाम चालणाऱ्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाच्या कडेचा कमाल सुरक्षित वेग लिहिलेली सूचना कायम लावण्यास सांगितले. फ्लायव्हील, पुली, चकती यांचा सुरक्षित वेग ओलांडला जाऊ नये, हेही त्यातच होते. पण कायद्यातला ‘कारखाना’ कामगारांच्या संख्येवर ठरतो. दोन-चार माणसांचे फॅब्रिकेशनचे दुकान त्यात बसत नाही, आणि ग्राइंडर तर सर्वांत जास्त तिथेच फिरतो.

तेव्हा जबाबदारी वाटून घ्यावी लागेल. उत्पादकांनी इंग्रजीतल्या बारीक अक्षरांऐवजी ‘या मशीनवर एवढ्याच इंचाची चकती’ असे मराठीत ठळक छापावे. चकती विकणाऱ्याने मशीन कोणते हे विचारावे आणि मधल्या धातूच्या कडीवरची मुदत संपलेला माल गल्ल्यावर ठेवू नये. मालकाने गार्ड, फेसशील्ड आणि योग्य मापाच्या चकत्या स्वतःच्या खर्चाने द्याव्यात. नगावर मजुरी ठरवून वर ‘सांभाळून कर’ म्हणणे ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. आणि घरी ग्रिल बसवून घेणाऱ्या आपणही, दर ठरवताना, गार्ड लावूनच काम होईल एवढी अट घालू शकतो.

तरीही तुकडा डोळ्यात घुसलाच, तर डोळा चोळू नये, पाण्याने खळखळून धुऊ नये, तुकडा ओढून काढू नये. डोळ्यावर दाब येणार नाही असे, एखाद्या कागदी कपासारखे आवरण ठेवून थेट नेत्ररुग्णालय गाठावे. अंगात घुसलेला तुकडाही जागेवरच ठेवून भोवती दाब देत दवाखान्यात न्यावे. डॉक्टर त्यांचे काम करतील. पण डोळा वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय, ते काढलेले गार्ड, बहुधा अजूनही दुकानाच्या कोपऱ्यातच पडलेले असते.