मुहूर्ताचे कापड

खंडेनवमीला आपण हत्यारे-अवजारे पुसून मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. ज्याच्यावर पोट चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, हा आपला रिवाज. दिल्ली, नोएडा, गुडगावात स्थिरावलेल्या मराठी घरांनीही तो जपला आहे. दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्ताचे नवे कापड घरात येते, सरोजिनीनगरचा बाजार ओसंडून वाहतो. अवजाराची पूजा आणि वस्त्राची खरेदी इतकी लागून येते, पण दोहोंमधला माणूस सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

तो फार दूर नसतो. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने दक्षिण दिल्लीतील शाहपूर जाटमध्ये ‘गॅप’ या अमेरिकी कंपनीच्या बालवस्त्रांवर लहान मुलेच भरतकाम करीत असल्याचे उघड केले. कंपनीने तो माल मागे घेतला. काम परस्पर पोटठेकेदाराकडे गेले, असा खुलासा झाला. कारखान्याकडून ठेकेदाराकडे आणि तेथून गल्लीतल्या खोलीकडे काम उतरते, तेव्हा पायरीपायरीने नगाचा दर घटतो आणि जबाबदारीही विरळ होत जाते. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीतल्याच अनाज मंडीतील कारखान्याच्या आगीत ४३ जण दगावले. त्यांतले बहुतेक कामाच्याच जागी झोपलेले मजूर होते. तेथे दप्तरे, पर्स असा आपल्या रोजच्या वापरातला माल तयार होई.

वंगभंगाच्या घोषणेनंतर, १९०५ च्या ऑक्टोबरमध्येच, पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. कापड कोठून आले हे विचारणे तेव्हा देशकार्य ठरले. आज तेवढ्याने भागत नाही. आपल्याच शहरात शिवलेले कापड कोणाच्या हातून, किती मजुरीत आणि कसल्या खोलीत तयार झाले, हे विचारणे त्या स्वदेशीचेच पुढचे पाऊल आहे.

माल टाकून दिल्याने मात्र मजुराची चूल पेटत नाही. काम तुटलेला कारागीर आणखी अंधाऱ्या खोलीचा आसरा शोधतो. खरेदीनंतरची हळहळही आपल्यालाच दिलासा देते, त्याला नाही. एका सदऱ्यापुरते गिऱ्हाईक म्हणून दुकानात आपला शब्द तोकडा पडतो, हे खरे. पण शाळेचे गणवेश, मंडळाचे टी-शर्ट, कचेरीतल्या दिवाळी भेटीच्या पिशव्या अशी एकगठ्ठा खरेदी होते, तेव्हा त्या उतरंडीच्या माथ्यावर आपणच असतो. सर्वांत स्वस्त दरपत्रकावर आपणच बोट ठेवतो. तेथे काम प्रत्यक्ष कोठे होणार, किमान वेतन मिळणार का, जिना मोकळा असतो का, हे विचारावे; जमल्यास जाऊन पाहावे, आणि त्यापायी नगामागे चार पैसे अधिक पडले तर ते बिनतक्रार मोजावेत. मुहूर्ताला एवढा संकल्प करावा आणि पुढल्या दसऱ्यापर्यंत तो प्रत्येक मागणीपत्रात पाळावा.