गरम भाकरी आणि गोल टेबल

पहिला तुकडा माझ्या वाटीत पडला आणि मी गडबडूनच गेले. आधी यांच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. त्यांच्या वाट्या अजून रिकाम्या. सवयीनं मी तो तुकडा उचलून यांच्या वाटीत सरकवला. तर समोर बसलेल्या आंटींनी काही न बोलता दुसरा उचलला आणि पुन्हा माझ्याच वाटीत ठेवला!

ही गोष्ट मलेशियातल्या इपोह गावची. क्वालालंपूरच्या उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटरवर. लेक नोकरीनिमित्त तिथे असते, म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघं गेलो होतो. तिच्या घरमालकीण चिनी वंशाच्या, सत्तरी ओलांडलेल्या. तिथे मोठ्या बायकांना सगळे आंटीच म्हणतात, मग मीही म्हणू लागले. त्या लहानपणापासून ज्या हॉटेलात जेवतात, तिथे त्यांनी आम्हाला नेलं.

हॉटेल म्हणजे झगमगाट नाही हं. संगमरवरी फळीची गोल टेबलं, वर गरगरणारे पंखे, भिंतीशी जमिनीलगत लाल रंगाचं छोटं देवघर, त्यात उदबत्त्या आणि संत्री. बसल्याबसल्या कढत पाण्याचं भांडं आलं. म्हटलं, पाय धुवायला की काय! तर चमचे, काड्या आपणच त्यात विसळून घ्यायच्या.

आपलं चायनीज म्हणजे एसटी स्टँडजवळच्या गाडीवरचं लालभडक मंचुरियन. इथे लाल काहीच नाही. नुसती पाण्यात शिजवलेली पांढरी कोंबडी, वरून सोया सॉस आणि तिळाचं तेल. शेजारी ताटलीभर पांढरे, जाडजूड मोड. मी चाखले आणि ओळखले, अहो, हे तर आपले मूग! इपोहच्या भोवती चुनखडीचे डोंगर आहेत, त्या पाण्यामुळे मोड असे गुबगुबीत होतात, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. आमचे हे पहिल्या घासाला म्हणाले, "याला तिखट कुठाय?" दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा काही बोलले नाहीत.

गोल टेबलाच्या मधोमध फिरती चकती. सगळे पदार्थ एकदम आले, प्रत्येकाच्या पुढ्यात भात, आणि चकती फिरवून ज्यानं त्यानं घ्यायचं. वाढायला उठायचं कुणी नाही. मी दोनदा अर्धवट उठले. लेक हळूच म्हणाली, "आई, बस गं. इथे तरी बस."

ते "इथे तरी" मला लागलं. लेकीनं लहानपणापासून काय पाहिलं? आई ओट्याशी, बाबा ताटावर, आणि शेवटी पातेल्यातला खरवडलेला भात घेऊन बसलेली आई.

आता तुम्ही म्हणाल, हॉटेलात काय, रांधणारा दुसराच असतो. मलाही तेच वाटलं. म्हणून लेकीकरवी आंटींना विचारलं, घरी कसं असतं? त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडेही पूर्वी सुना मागूनच जेवायच्या. सासू गेली, तेव्हा मी ते बंद केलं." त्यांची आई डुलांग घेऊन कथील गाळायला जायची म्हणे. डुलांग म्हणजे लाकडी उथळ परातच. इपोहच्या खोऱ्यात कथलाच्या मोठ्या खाणी होत्या. चीनमधून मजूर आले ते त्यासाठीच. पाण्यात वाकून परातीनं वाळूतलं कथील वेगळं करणाऱ्या बहुतेक चिनी बायकाच असायच्या. दिवसभर पाण्यात उभी राहणारी ती बाई घरी येऊन पुन्हा सगळ्यांच्या मागून जेवायची. 1985 साली कथलाचा बाजार कोसळला, खाणी बंद पडत गेल्या, तरुण मुलं गाव सोडून गेली. हॉटेलं मात्र राहिली.

परतताना विमानात विचार करत होते. बायकोनं मागून जेवावं, असा कायदा आपल्याकडे आता कुठल्याच घरात कुणी बोलून दाखवत नाही. विचारलं तर सगळे म्हणतील, "बस ना, तुला कोण अडवतंय?" अडवते ती गरम भाकरी! त्यांचा भात एकदा शिजला की सगळ्यांची वाट पाहत थांबतो. आपल्याला पोळी तव्यावरची ताटात हवी, भाकरी फुगलेली हवी. मग ती करणारी बसणार कधी? माझ्या मते, बाकी सगळं सुधारून काही होणार नाही, हा गरमचा हट्ट सोडायला हवा. आणि खरं सांगू, तो हट्ट निम्मा आपलाच आहे. "गार भाकरी कशी वाढू?" हे मीच म्हणत आलेय, तीस वर्षं.

आल्यावर सुरू केलं. सगळ्या भाकऱ्या आधी थापायच्या, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, भांडी मध्ये मांडायची आणि बसायचं. पहिल्या दिवशी हे म्हणाले, "गार झालीय." मी म्हटलं, "कोमट आहे." दोन दिवस धुसफुस झाली. आता पाणी तेवढं तेच घेऊन बसतात. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं फॉरेनला जाऊन हेच शिकलीस?" म्हटलं, हो, हेच. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण त्या दिवशी माझ्याबरोबरच जेवल्या.

एकच अडचण आहे. पावसाळी हवेत फडक्यातली भाकरी ओलसर होते, चिवटही होते. खाली जाळी ठेवून पाहिली, कागद घालून पाहिला. तुमच्यापैकी कुणाकडे उपाय असेल तर जरूर कळवा.